गोळ्यांनी तोंड हलायला लागलं. गोळ्या बंद करू का?

"ताई, मायचं तोंड रिकामंच चावत राहते," यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराचा मुलगा सांगत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माय साठीची. स्किझोफ्रेनियासाठी वर्षानुवर्षं हॅलोपेरिडॉल चालू. जीभ आत-बाहेर, ओठांचा चंबू, जबडा सतत हलता. तिला स्वतःला त्याचं काही नव्हतं, असं पुष्कळदा असतं. लाज घरच्यांना, लग्नकार्यात तिला नेणंच बंद केलेलं.

कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं गोळ्यांनी झालं. दुसरं बरोबर होतं. म्हणून घरच्यांनी गोळ्या एकदम थांबवल्या. झालं उलटंच: तोंड जास्त हलू लागलं, झोप उडाली, आणि शेजारीण पाण्यात काहीतरी कालवते हा जुना संशय परत आला.

तोंडाच्या अशा हालचालींना टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं मेंदूत डोपामिन या रसायनाचा संदेश अडवतात. बराच काळ अडवल्यावर तो झेलणारी यंत्रणा फार हळवी होते, असं मानतात. औषध अचानक काढलं की हालचाली उसळतात.

पण प्रत्येक हालचाल हीच नसते. नवी गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर दोन-चार दिवसांत मान वाकडी झाली, डोळे वर गेले, तर तडक दवाखाना गाठा. इंजेक्शनने ते बहुतेक लवकर सुटतं. पाय स्वस्थ राहत नाहीत, माणूस येरझाऱ्या घालतो, हाही गोळ्यांचाच परिणाम असू शकतो. पण घरचे आजार वाढला समजतात, आणि मला हीच चूक सगळ्यात घातक वाटते. या औषधांनी हात थरथरत असतील तर ट्रायहेक्झिफेनिडिल नावाची गोळी देतात. टार्डिव्हमध्ये मात्र तीच गोळी त्रास वाढवू शकते.

मायच्या पिशवीत तीही निघाली. शिवाय मेडिकलवरून परस्पर आणलेली उलटीची मेटोक्लोप्रमाइड. तीसुद्धा डोपामिनच अडवते, हे घरात कुणाला ठाऊक असणार?

मनोविकारतज्ज्ञांनी मेटोक्लोप्रमाइड थांबवली, थरथरीची गोळी हळूहळू कमी केली, मूळ औषध बदललं आणि पुढे या हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन दिलं. संशय ओसरला. तोंडाची हालचाल बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. काहींची जात नाही, हे मी मुलाला आधीच सांगितलं होतं.

तुमच्या घरी असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, उलटीच्या गोळीसकट सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. तारीख लांब असेल तर तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करून विचारता येतं.