बॅग एकदाच उघडायची

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आमच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलास आणि चहा निवेपर्यंत त्या एक्सेलमधल्या रांगा नुसत्या वरखाली करत राहिलास. बोलायचं होतं तेव्हाच, पण तुझी आई समोर होती. फोनवर मी चिडते हे तुला ठाऊक आहे. लिहिताना निदान मधेच उठून दूध उतू गेलं का ते बघता येतं.

घरच्यांना घेऊन ग्रीसला जावं का, एवढा खर्च करावा का, यावर मी काही बोलणार नाही. ते तू ठरवलं आहेस आणि तुमच्या घरात ते शोभतंच. मला बोलायचंय ते त्या तक्त्यावर. आठ माणसं, अकरा रात्री, पाच मुक्काम. अथेन्स दोन, सँटोरिनी तीन, हेराक्लिऑन दोन, हानिया तीन, परत अथेन्स एक. त्यात 78 वर्षांची आजी आणि चार वर्षांची भाची. आणि वर मला विचारतोस, "काकू, आजी अचानक नको का म्हणायला लागली?"

अरे, तिला तू तो तक्ता वाचून दाखवलास म्हणून.

"माझ्यामुळे तुमचं अडायला नको" असं म्हातारं माणूस म्हणतं ना, तेव्हा ते मनातल्या मनात बॅग भरत असतं. पाच वेळा भरायची, पाच वेळा उघडायची. गोळ्यांची पिशवी कुठल्या कप्प्यात, रात्री बाथरूमचा दिवा कुठल्या भिंतीवर, कमोडच्या बाजूला धरायला काय आहे, हे दर दोन दिवसांनी नव्याने शिकायचं. तुला ते हॉटेल बदलणं वाटतं. तिला ते बिऱ्हाड हलवणं आहे.

म्हणून एकच मुक्काम कर. एकच. बॅग एकदा उघडायची आणि निघायच्या आदल्या रात्री भरायची.

हे कुठून आलं तेही सांगते, म्हणजे काकू उगाच हट्टाला पेटलीय असं वाटायचं नाही. 2009 साली आम्ही सासूबाईंना युरोपला नेलं. बारा दिवस, आठ हॉटेलं. तो कार्यक्रम मीच निवडला होता. हे म्हणत होते की जरा कमी ठिकाणांची सहल बघू, पण मी बँकेतली बाई, माणशी खर्चाला ठिकाणांनी भागून बघितलं आणि जास्त ठिकाणं तीच स्वस्त ठरवली. सासूबाई रोज पहाटे साडेचारला उठून बॅगेवर बसून असायच्या. आपल्यामुळे बस थांबायला नको म्हणून. घरून नेलेली चादर रोज सकाळी घडी घालून आत, रोज रात्री बाहेर. सहाव्या-सातव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आज कुठल्या गावात आहोत गं आपण?" मी सांगितलं. दुपारी परत विचारलं. मी वैतागले. बसमध्ये, लोकांसमोर.

नवव्या दिवशी बस बिघडली आणि एका लहानशा गावात अख्खी दुपार अडकलो. सगळे कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते, मीही. सासूबाई तिथल्या खाणावळीच्या मागच्या दारात एका बाईशेजारी बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. भाषेचा प्रश्नच नाही, शेंगेची शीर सगळीकडे सारखीच निघते. पुढे सहा वर्षं त्या होत्या. युरोपचं नाव निघालं की त्याच बाईबद्दल बोलायच्या. मी खर्च केलेल्या बाकी अकरा दिवसांबद्दल नाही. त्या दुपारचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे.

आता, मी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. त्यांना पुन्हा नेणं होणार नाही म्हणून एकदाच सगळं दाखवावं असं वाटलं. तुलाही तेच वाटतंय, म्हणून तर घाबरले मी तो तक्ता बघून.

तेव्हा क्रीट ठेव, म्हणजे हेराक्लिऑन-हानिया आहेत ते बेट, बाकीचं काढ. सँटोरिनी सुंदरच आहे, पण ते कड्यावर टांगलेलं गाव. तिथल्या फिरा नावाच्या गावात जुन्या बंदरातून वर यायला 500 हून जास्त पायऱ्या आहेत. केबल कार आहे, ठीक, पण वर पोचल्यावरही गल्ल्यांत पायऱ्याच. तू आणि बायको पुढे कधीतरी दोघंच जा. क्रीट काही लहान बेट नाही, पूर्व-पश्चिम 260 किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या सोलापूरपासून पुण्याच्याही पलीकडे. ते एका दमात "करून" टाकायचं म्हटलं तर सगळे गाडीतच बसाल. रेथिम्नोला रहा. उत्तर किनाऱ्यावर, साधारण मध्यावर. हेराक्लिऑन 80 किलोमीटर, हानिया 60. जुन्या व्हेनेशियन गल्ल्या आहेत, आणि गावालाच लागून लांबलचक वाळूचा किनारा आहे, कडेने सपाट रस्ता. आजीला रिक्षा, गाडी, कुणाचा हात, काही न लागता समुद्रापर्यंत जाता येईल अशा ठिकाणी तळमजल्याचं घर घे. तळमजला. जाहिरातीत लिफ्ट आहे का ते विचारत बसू नको, तळमजलाच घे.

रोज सगळ्यांनी सगळीकडे जायचं हेही डोक्यातून काढ. तुम्ही दोघं आणि ताई-दाजी सामारिया घळीत 16 किलोमीटर चालायला जा, पहाटे निघा, रात्री या. त्या दिवशी आजी, आई, बाबा आणि पोरगी किनाऱ्यावर. मुक्काम एकच असला की हे जमतं, कारण परत यायची जागा तीच असते. पाच हॉटेलांच्या बेतात जो मागे राहतो तो लॉबीत राहतो. मी लॉबीत बसवलंय एका माणसाला, मला माहीत आहे.

क्नोसोसला, त्या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांकडे, मात्र आजीला ने, पण दार उघडताच सकाळी आठला. सावली फार कमी. सर आर्थर एव्हान्सने 1900 पासून तिथे खणलं आणि बराच भाग काँक्रीटने पुन्हा उभा केला, त्यावरून अभ्यासक अजून भांडतात. ते तुझ्या बाबांना सांग, त्यांना भांडण आवडेल. आजीला ते माणसाएवढे मातीचे रांजण दाखव, तेला-धान्याचे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची कणगी बघितल्यावर ती तुम्हालाच चार गोष्टी सांगेल.

जेवणाची काळजी तुझी आई करतेय तेवढी नको. तिकडे बार्लीचा दोनदा भाजलेला कडक पाव मिळतो. त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचं तेल आणि ताजं चीज घालून देतात, त्याला दाकोस म्हणतात. ओलाव्याने मऊ होत जातो तसा खायचा. सोलापुरात कडक भाकरी आमटीत चुरून वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागेल का? उकडलेल्या रानभाज्या असतात, मोठ्या पांढऱ्या वालासारख्या बिया असतात. "होरिस क्रेआस" म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ कर. उपासाच्या पदार्थांना निस्तिसिमा म्हणतात, पण जपून हं, त्यांच्या उपासाला कोळंबी चालते! दुपारी दोन ते पाच गाव झोपतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी नव्या पेठेतून कोण फिरतं? तेच.

जाणं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेव. पाणी थोडं गार असेल, पण जुलै-ऑगस्टचं ऊन, गर्दी आणि वारा टळेल. 2027 साली त्यांचं ईस्टर 2 मेला आहे, त्या आठवड्यात नको. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो, तू पंधरा दिवसांवर ठेवू नको. विमा माणशी किमान 30,000 युरोचा लागतो, आजीचा रक्तदाब त्यात स्पष्ट लिही. भाचीचे ठसे घेत नाहीत, बारा वर्षांखालच्यांना सूट आहे. आजीने मात्र जन्मभर मागाच्या सुताच्या कांड्या भरल्यात, आधारच्या वेळी तिचे ठसे उठत नव्हते ते आठवतंय ना? तिच्यासाठी सकाळची वेळ घे आणि घाई करू नको. नऊ आसनी गाडी चालवायची तर इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, तिकडे उजवीकडून चालवतात. पैसे कोण किती घालणार ते ताई-दाजींशी आत्ताच बोल, विमानात नको.

एका गोष्टीवर तू मला पकडशील, म्हणून आधीच सांगते. हेच सगळं मी माझ्या सुनेला सांगितलं, एक घर, एक चूल, म्हणून. ती म्हणाली, "आई, म्हणजे तिकडेही पोळ्या मीच लाटायच्या." मला राग आला. दोन दिवस बोलले नाही. मग लक्षात आलं की युरोपात माझी एक तरी गोष्ट बरी होती, मला तिथे स्वयंपाक नव्हता. तेव्हा त्या घरातली चूल सकाळी सहाच्या चहापुरती आणि रात्री कुणाला वाटलंच तर मुगाच्या खिचडीपुरती. खिचडी तू आणि दाजी लावणार. तसं लिहून तक्त्यात टाक, एक्सेल त्यासाठी वापर.

पण मुक्काम एकच. यावर माझ्याशी वाद घालू नको. "अथेन्स तरी एक रात्र" असं तू म्हणणार, मला ऐकू येतंय. विमान बदलायला लागली तर विमानतळाजवळ एक रात्र, बॅगा न उघडता. अ‍ॅक्रोपोलिस दुरून दिसलं तर दिसलं.

आणि आजीला नवीन तक्ता वाचून दाखवू नको. तिच्याजवळ बस आणि सांग, आजी, समुद्राजवळ एक घर घेतलंय, दहा दिवस तिथेच राहायचं. मग ती काय म्हणते ते मला येऊन सांग. शनिवारी संध्याकाळी ये, लॅपटॉप घरी ठेवून.

तुझी,
काकू

ता. क. शेंगाचटणी चालते, पण तूप, पेढे, खवा नको. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. आणि प्लास्टिकचा मग घे, एक नाही, दोन.