सराव पाठ, मार्गदर्शक आणि परवाना परीक्षा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शिक्षणशास्त्र विभागात जवळजवळ सर्वच छात्राध्यापकांना सराव पाठात उत्तम गुण मिळतात. नोकरीला लागल्यावर मात्र वर्गात त्यांची तारांबळ उडते, असं शाळा कळवतात. अभ्यासक्रमात एखादा पेपर वाढवावा का? – एक विभागप्रमुख

उत्तर : पेपर वाढवू नका. आधी पाठ निरीक्षणाच्या वह्या काढून वाचा. ‘वर्गनियंत्रण चांगले’, ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘आवाज थोडा वाढवावा’ अशा शेऱ्यांनीच पानं भरली असतील, तर दुखणं तिथेच आहे. निरीक्षकाने नेमकं काय पाहिलं हे त्यातून कळत नाही, मग सुधारायचं काय हे तरी कसं कळणार? शेरा नको, घटना लिहा : ‘१२ प्रश्न विचारले; त्यांतले ९ पहिल्या दोन रांगांना. पाच प्रश्नांची उत्तरं लगेच स्वतःच देऊन टाकली.’ अशा नोंदीवर काम करता येतं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या अभ्यासातून दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते. छात्राध्यापकाला एका वेळी एवढीच एक गोष्ट द्या, शक्यतो त्याच दिवशी, आणि तोच भाग दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायला लावा. दहा सूचना एकदम दिल्या की एकही अमलात येत नाही.

सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे सहाध्यायांनाच विद्यार्थी मानून छोटा पाठ घेण्याच्या सरावाचं, ३६ मिनिटांचं चक्र (अध्यापन ६, प्रत्याभरण म्हणजे अभिप्राय ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुनर्प्रत्याभरण ६) बहुतेक ठिकाणी कागदोपत्री होतं. पुनर्नियोजनाची १२ मिनिटं पहिल्यांदा कापली जातात, आणि खरं शिकणं त्यातच असतं. दुसरी अडचण अशी की विद्यार्थी झालेले सहाध्यायी चुकतच नाहीत. त्यांना चिठ्ठ्या द्या. एकीवर लिहा, ‘दशांश चिन्हानंतर अंक जास्त, तो अपूर्णांक मोठा’. दुसरीवर, ‘अंक जास्त, तो लहान’. आता ०.३५ आणि ०.८ यांत मोठा कोणता, असं विचारलं की पहिला चुकतो, दुसरा मात्र चुकीच्या समजुतीनेच बरोबर उत्तर देतो. ‘शाब्बास’ म्हणून पुढे गेलेला छात्राध्यापक इथे फसतो. ०.४ आणि ०.६२ ही जोडीही विचारली, तर दुसऱ्याची समजूत उघडी पडते. प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांनी अशा चिठ्ठ्यांचा संच तयार करावा. आमच्या मते एका नव्या पेपरपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

गुणांबाबत : सत्र सुरू होण्यापूर्वी सगळ्या निरीक्षकांनी एकाच पाठाची दहा मिनिटांची चित्रफीत पाहून, आपसात न बोलता गुण द्यावेत. चार पातळ्यांच्या श्रेणीत दोन पातळ्यांचा फरक पडला, तर ज्याने त्याने आपली लेखी नोंद वाचून दाखवावी. वाद बहुधा निकषाच्या मोघम शब्दरचनेपाशी येऊन थांबतो. ती तिथेच दुरुस्त करा.

प्रश्न : आमच्या शाळेत आंतरवासितेला (इंटर्नशिपला) येणाऱ्या छात्राध्यापकांना रोज ऑफ तासांवर, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या वर्गांवर, पाठवलं जातं. मार्गदर्शक म्हणून मी काय करू? – एक माध्यमिक शिक्षिका

उत्तर : ताई, हे तुम्ही एकटीने थांबवण्यासारखं नाही. विद्यापीठ आणि शाळा यांच्यातल्या करारातच ‘बदली तास देणार नाही’ असं लेखी हवं आणि तुमच्या वेळापत्रकात आठवड्याला निदान एक तास चर्चेसाठी राखलेला हवा. हे मुख्याध्यापकांपर्यंत विद्यापीठाच्या समन्वयकाने न्यावं.

तुमच्या हातातली गोष्ट म्हणजे क्रम. पहिला आठवडा निरीक्षण, पण काम देऊन : मागच्या बाकावरच्या तीन मुलांनी तासभरात काय केलं ते लिहून आणायचं. दुसऱ्यात तुमच्याच तासातली दहा मिनिटं. मग पूर्ण तास. शेवटी एक सबंध घटक सलग, आठ-दहा तासांचा, चाचणी आणि उत्तरपत्रिकांच्या तपासणीसह. सुट्या पाठात मुलांना काय समजलं नाही हे दुसऱ्या दिवशी समोर येत नाही. सलग घटकात ते टाळताच येत नाही.

प्रश्न : शिक्षक होण्यासाठीच्या परवाना परीक्षेचा निकाल १०० टक्के लागला, तर कार्यक्रम चांगला म्हणायचा का? – एक प्राध्यापक

उत्तर : छेद तपासा, म्हणजे टक्केवारी कितीजणांपैकी काढली ते पाहा. अमेरिकेत उच्च शिक्षण कायद्यातल्या १९९८च्या दुरुस्तीने विद्यापीठांना हा निकाल जाहीर करणं भाग पाडलं, तेव्हा अनेकांनी परीक्षा उत्तीर्ण होणं हीच पदवीपूर्ततेची अट केली; नापास झालेले मोजणीतच उरले नाहीत आणि निकाल आपोआप शंभरावर गेला. तुम्ही प्रवेश घेतलेल्यांची संख्या छेदात धरा, पहिल्या प्रयत्नाचा निकाल वेगळा काढा आणि तो परीक्षेच्या विभागांनुसार मांडा. आशयज्ञानात, म्हणजे शिकवायच्या विषयाच्याच ज्ञानात, मुलं पडत असतील, तर नैदानिक (कच्चे दुवे शोधणारी) चाचणी पहिल्याच सत्रात घ्या. शेवटच्या महिन्यातल्या सराव प्रश्नपत्रिकांनी कच्चं गणित पक्कं होत नाही.