सुई टोचण्याआधी: पालकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगा ५ वर्षांचा आहे. खालच्या दाढेचं रूट कॅनाल ठरलंय. 'काही दुखणार नाही' असं सांगून नेऊ का?

उत्तर: नको. सुई टोचताच ते खोटं ठरतं आणि पुढे डॉक्टर खरं बोलले तरी तो ऐकत नाही. आदल्या संध्याकाळी एवढंच पुरे: 'डॉक्टर दात मोजतील, दाढेला झोपवतील, मग कीड धुऊन काढतील.' सुईचा विषय आपणहून काढू नका. त्याने थेट विचारलंच तर 'आधी चिमटा काढल्यासारखं होईल, मग ओठ जाड वाटेल' हे खरं उत्तर द्या. वेळ सकाळची घ्या. दुपारच्या झोपेच्या वेळी गुणी मूलही किरकिरं होतं.

सुईआधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावतात. हिरडी कापसाने कोरडी करून ती १-२ मिनिटं जागेवर राहिली पाहिजे. लाळेत वाहून गेली तर नुसती चव जिभेवर पसरते. औषधही सावकाश सोडायचं, मिनिटाला साधारण १ मिलि. घाईने दिलं की कळ येते. 'दुखलं तर डावा हात वर' अशी खूण आधीच ठरवा. हात वर झाला की डॉक्टरांनी खरोखर थांबायचं. एकदा दुर्लक्ष झालं की त्या खुणेला काही अर्थ राहत नाही. पू झालेल्या दाढेला भूल नीट चढत नाही, त्यामुळे 'नाटक करतोय' असं लगेच म्हणू नका.

दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच दिवशी उरकायचा आग्रहही नको. लिडोकेनची (भुलेच्या औषधाची) मर्यादा वजनाच्या किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, म्हणजे १६ किलोच्या मुलाला २ टक्क्यांचं औषध जेमतेम साडेतीन मिलि. शिवाय खरी गडबड घरी होते. ओठ २-३ तास बधिर असतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठावर पांढरट चट्टा दिसतो. तो पू नव्हे, चावल्याची जखम. त्यासाठी सहसा अँटिबायोटिक लागत नाही. बधिरपणा जाईपर्यंत पोळी-भाजी नको, ताक चालेल.

प्रश्न: दीड महिन्याच्या बाळाला लस टोचताना मध चाटवावा, असं सासूबाई म्हणतात.

उत्तर: गोडाने कळ कमी होते हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण वर्षाच्या आत मध नाहीच, त्यातून बोटुलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे अंगावर पाजणं. बाळ नीट ओढायला लागलं की टोचू द्या, नंतरही पाजत राहा. ते जमत नसेल तर उकळून गार केलेल्या दोन चमचे पाण्यात एक सपाट चमचा साखर विरघळवा आणि त्यातलं १-२ मिलि टोचण्याच्या २ मिनिटं आधी जिभेवर सोडा. रोटाव्हायरसचा (जुलाबावरच्या लसीचा) डोस तोंडाने आणि गोडसर असतो, तो आधी द्यायला सांगा. बाळाला टेबलावर आडवं दाबू नका, कवेत धरा. तापाचं औषध आधी पाजल्याने टोचण्याची कळ कमी होत नाही.

प्रश्न: ७ वर्षांच्या मुलीला थॅलेसेमियामुळे सतत रक्त चढवावं लागतं. बधिर करणारं क्रीम लावूनही ती ओरडते.

उत्तर: बहुतेक वेळा क्रीम उशिरा लावलेलं असतं, किंवा मलमासारखं चोळलेलं असतं. लिडोकेन-प्रिलोकेनचं (दोन्ही २.५ टक्के) क्रीम न चोळता जाड थर देऊन लावायचं, वर पारदर्शक ड्रेसिंग चिकटवायचं आणि किमान ६० मिनिटं थांबायचं. वॉर्डात गेल्यावर लावून भागत नाही, घरूनच लावून निघा. जागा दोन निवडा. पहिली शीर सापडेलच असं नाही. क्रीमने शिरा आक्रसतात, म्हणून पुसल्यावर ५-१० मिनिटं जाऊ द्या. जी६पीडीची (लाल रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल किंवा सल्फाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

प्रश्न: १३ वर्षांची मुलगी तपासणीसाठी रक्त देताना चक्कर येऊन पडते. 'अंग सैल सोड' म्हटलं तरी उपयोग नाही.

उत्तर: इथे उलटं करायचं असतं. सैल सोडल्याने रक्तदाब आणखी उतरतो. आडवं झोपवा, पाय आणि पोट १०-१५ सेकंद घट्ट आवळायला सांगा, मग अर्धा मिनिट सोडायला, असं पाच वेळा. सुईचा हात तेवढा सैल हवा. नंतर १५ मिनिटं उठू देऊ नका.