निवृत्तीनंतर अन्नदानाच्या कामाला वेळ द्यायचाय, मृत्युपत्रातही काही रक्कम ठेवायचीय. सुरुवात कुठून करू?

आधी वेळ द्या, मृत्युपत्र नंतर करा. ज्या संस्थेला पैसे ठेवायचे, तिच्या कामात वर्षभर हात घातल्याशिवाय तिचं नाव मृत्युपत्रात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी आमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयाबाहेर रात्रीच्या जेवणाच्या वाटपाला जातो. दाखल रुग्णाला आतून जेवण मिळतं, सोबतच्या नातेवाइकाला नाही. गावाहून आलेल्या माणसांचे पैसे औषधं, तपासण्या आणि रिक्षात संपतात आणि पहिली काटछाट होते ती स्वतःच्या पोटाची. बाहेरून वाटतं, ताटं वाढली की काम झालं. पण डॉक्टरांचा राउंड चालू असताना कुणीही वॉर्ड सोडून खाली येत नाही, त्यामुळे रांग त्यानंतरच लागते. आणि जिच्या माणसाजवळ बसायला दुसरं कुणीच नाही, ती बाई येतच नाही. शेजारच्या खाटेवाल्यांच्या हाती डब्याचं झाकण पाठवते. झाकणात वरण कसं नेणार? म्हणून आम्ही पोळी आणि सुकी भाजी वेगळी काढून ठेवतो. या गोष्टी देणगीच्या पावतीवरून कळत नाहीत.

लग्नाकार्यात उरलेलं अन्न आणणार असाल, तर नाही म्हणायलाही शिका. भात, पनीर, दह्यादुधाचे पदार्थ कधी शिजवले आणि किती वेळ बाहेर राहिले हे विचारा. नुसता वास घेऊन भागत नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) २०१९चे नियमही आहेत, ते एकदा वाचा.

२०१४ साली दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी ही उरलेलं अन्न वाटणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना आता अनेक शहरांत आहे. ती पैसे घेत नाही, फक्त वेळ मागते. शिकायला ती उत्तम जागा. मृत्युपत्रासाठी मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेला न्यास शोधा.

आता पैशांचं. आईवडिलांच्या तिथीला एका दिवसाच्या जेवणाचा खर्च द्यायला लोक आनंदाने पुढे येतात. टेम्पोचं डिझेल, गॅस सिलिंडर, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार यासाठी देणारे फार थोडे, आणि काम अडतं ते तिथेच. म्हणून कळकळीने सांगतो, ‘फक्त धान्यासाठी’ अशी अट घालू नका. ‘अन्नवाटपाच्या कामासाठी, संस्थेला योग्य वाटेल तसे’ एवढं पुरे. कायम ठेवीच्या व्याजातून दरवर्षी एका तिथीला जेवण, ही पद्धतही जपून निवडा. महागाई वाढते, ठेव तेवढीच राहते, आणि काही वर्षांनी त्या व्याजात पंगत उठत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. तुमची सही पाहणारे दोन साक्षीदार हवेत, पण ते संस्थेचे पदाधिकारी नकोत. नोंदणी ऐच्छिक असली तरी करून घ्या, वाद झाला तर उपयोगी पडते. संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. सारख्या नावाच्या संस्था पुष्कळ असतात. ठरावीक रकमेऐवजी टक्का लिहा आणि ती संस्था बंद पडली तर कुणाला द्यायचं तेही. बँकेच्या ठेवीवर संस्थेचं नॉमिनेशन होत नाही, तिथे माणसाचंच नाव लागतं. त्यामुळे मृत्युपत्राला पर्याय नाही. गोव्यात असाल तर सहसा निम्मी मिळकत वारसांसाठी राखीव असते. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. म्हणून वकिलाचा सल्ला घ्याच.

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, तुमच्याहून तरुण आणि तुमच्याच शहरातला निवडा. मुलांना आत्ताच सांगा, जमलं तर एखाद्या रात्री वाटपाला घेऊन या. हे पैसे कुणाच्या ताटात जाणार आहेत ते ज्यांनी पाहिलंय, ते सहसा मृत्युपत्राला हरकत घेत नाहीत.