तारीख तीच, पण योगायोग कितपत?

प्रश्न : १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले, असहकार चळवळ त्याच दिवशी सुरू झाली आणि अण्णा भाऊ साठेंचा जन्मही त्याच दिवशीचा. हे खरंच एकाच तारखेला झालं की नंतर कुणी जुळवलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खरंच एकाच तारखेला, आणि जुळवलेलं काहीच नाही. असहकाराची १ ऑगस्ट ही तारीख आधीच जाहीर झाली होती, टिळक तेव्हा मुंबईत सरदारगृहात आजारी होते आणि ३१ जुलैची मध्यरात्र नुकतीच उलटली असताना गेले, म्हणजे थोडं आधी झालं असतं तर पुण्यतिथी ३१ जुलैला आली असती आणि तुमचा प्रश्नच उरला नसता! व्हाइसरॉयला कैसर-ए-हिंद पदक परत करतानाचं गांधीजींचं पत्र त्याच तारखेचं, आणि गांधीजी टिळकांच्या अंत्ययात्रेतही होते. अण्णा भाऊ जन्मले त्या वाटेगावच्या घरात मात्र यातलं काही कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. हा शुद्ध योगायोग.

प्रश्न : बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबरला पडली आणि नाझींनी ज्यूंची दुकानं फोडली तीही ९ नोव्हेंबरलाच. जर्मनीच्या पत्रिकेतच काही आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही दोनच सांगितल्या, तिथे चार आहेत. ९ नोव्हेंबर १९१८ ला, पहिलं महायुद्ध संपता संपता, कैसर म्हणजे जर्मन सम्राट पायउतार झाल्याचं चॅन्सेलरनेच परस्पर जाहीर करून टाकलं, दुपारी समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचे पुढारी शायडेमान यांनी संसदेच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि थोड्या वेळाने जहाल डाव्यांचा पुढारी लीबक्नेश्टने राजवाड्यापाशी आपलं वेगळं समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं, असा सगळा गोंधळ. हिटलर आणि त्याच्यासारख्यांच्या डोक्यात हा दिवस ‘देशाशी गद्दारी’ म्हणून बसला. मग १९२३ मध्ये म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये ८ तारखेच्या संध्याकाळी हिटलरने बंड सुरू केलं आणि ९ ला सकाळी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळीबार केला, १६ नाझी आणि ४ पोलिस मेले. सत्ता आल्यावर त्या १६ जणांना हुतात्मा करून दरवर्षी ८-९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये मोठा सोहळा व्हायचा.

आता १९३८ बघा. ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये एका १७ वर्षांच्या ज्यू मुलाने जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या, तो ९ ला संध्याकाळी मेला, आणि ती बातमी आली तेव्हा पक्षाचे सगळे जुने पुढारी त्याच सोहळ्यासाठी म्युनिकमध्ये एकाच छताखाली जेवायला बसलेले! प्रचारमंत्री गोबेल्सने तिथेच भाषण ठोकलं, पुढाऱ्यांनी तिथूनच आपापल्या भागात फोन फिरवले आणि रात्रभर सिनेगॉग जळत राहिले, पुढच्या काही दिवसांत सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत टाकलं. म्हणजे खून त्याच दिवशी पुरा व्हावा हे नशिबाचं, पण हल्ला इतक्या झटपट देशभर पसरला तो वर्षश्राद्धाला सगळे जमले होते म्हणून. याला मी तरी योगायोग म्हणणार नाही.

१९८९ चं उलटं आहे. लोकांना पश्चिमेकडे जाऊ देणारा पूर्व जर्मनीचा नवा प्रवास-नियम खरं तर १० तारखेला लागू व्हायचा होता. शाबोव्स्की नावाचे पुढारी पत्रकार परिषदेत नीट न वाचलेला कागद घेऊन बसले, कुणीतरी विचारलं कधीपासून, तर हे म्हणाले माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. लोक भिंतीकडे धावले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या चौकीवाल्यांनी गर्दीपुढे हात टेकून फाटक उघडलं. एका माणसाने गृहपाठ केला नाही म्हणून तारीख ९! पुढे राष्ट्रीय दिन ठरवताना हीच तारीख घ्यावी असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण १९३८ च्या दिवशी फटाके कोण उडवणार, म्हणून एकीकरण झालं तो ३ ऑक्टोबर घेतला.

प्रश्न : दक्षिण कोरियाचा स्वातंत्र्यदिनही १५ ऑगस्टच आहे. काही संबंध? (एक वाचक, पुणे)

उत्तर : संबंध आहे, जपान. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती सांगितली आणि १९१० पासून जपानच्या ताब्यात असलेला कोरिया सुटला, मग १९४८ मध्ये दक्षिण कोरियाचं सरकार स्थापन करताना मुद्दाम तोच दिवस धरला. आपल्याकडे ब्रिटिश सरकारने जून १९४८ ची मुदत दिली होती, माउंटबॅटननी ती अलीकडे ओढून १५ ऑगस्ट १९४७ केली. युद्धात ते आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती होते आणि जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस म्हणून हा दिवस निवडला असं पुढे त्यांनीच सांगितलं. ज्योतिष्यांनी १५ तारीख अशुभ ठरवली, म्हणून घटना समिती १४ च्या रात्रीच बसली.

तुम्ही पुण्याचे म्हणून सांगतो, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्ये गेले तो दिवसही १५ ऑगस्टच, १९४२ चा, अटकेला आठवडासुद्धा झाला नव्हता. याचा जपानशी अर्थातच काही संबंध नाही.

प्रश्न : शेक्सपिअर आणि स्पॅनिश कादंबरीकार सर्वांतेस एकाच दिवशी वारले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कागदावर २३ एप्रिल १६१६, पण एकाच दिवशी नाही. स्पेनने १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवर अडून बसलं, त्यामुळे शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडला होता. त्यात सर्वांतेस २२ ला गेले आणि २३ ला दफन झालं असं बरेच अभ्यासक मानतात. तरी जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिललाच आहे, आणि असू दे.

आपल्याकडेही हा घोळ आहे. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियनने मोजलं तर १ मार्च येतो, वार दोन्हीकडे शुक्रवारच. तिथीची आणि तारखेची अशा दोन जयंत्यांवरून आधीच पुरेशी भांडणं होतात, तेव्हा हे वाचून कुणी तिसरीची वर्गणी मागायला येऊ नका.