लॅबमध्ये नवीन आलीयेस ना, मग हे वाच
अगं, लॅबची वही रोज स्वतः लिही, तारीख टाक, खाली सही कर, उद्या रिसर्च पेपरवर कुणाचं नाव आधी यावरून वाजलं की तीच वही कामाला येते, माझं एका पेपरवरचं नाव असंच गेलंय म्हणून कळकळीने सांगतेय. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय बोललं-ठरलं त्याची नोंद, दरवेळी तुझ्याच गळ्यात पडले तर सरळ म्हण, आज दुसरं कोणीतरी लिहा. बायोकेमिस्ट कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामननी केवळ बाई म्हणून नाकारलं होतं, त्या हटल्या नाहीत, अटी मान्य करून आत शिरल्या आणि १९३९ ला केंब्रिजची पीएचडी मिळवली! पण तो अपमान त्यांनी कित्येक वर्षांनीही बोलून दाखवला. तुला कुठे अडवलं तर कारण मेलवर लेखी माग.