2016 ची गाडी आणि इग्निशन कॉइलचा स्वस्त सेट : घ्यावा का?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र आणि सोबत जोडलेली तिन्ही अंदाजपत्रके वाचली. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, शाळांचे गणवेश शिवून घेऊन लातूर, पंढरपूर आणि कलबुर्गीच्या दुकानदारांना पुरवता. त्यासाठी 2016 साली घेतलेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी महिन्याला साधारण 1,200 किलोमीटर चालते. गाडीचे 1,10,000 किलोमीटर झाले आहेत. गेल्या महिन्यापासून ती तुळजापूरच्या घाटात झटके देते, चेक इंजिनचा दिवा लागतो, मायलेज 15 वरून 13 वर आले आहे आणि स्कॅनरने पी0302 हा कोड दाखवला आहे. अधिकृत सेवा केंद्राने चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग), चार प्लग आणि मजुरी मिळून 14,500 रुपये सांगितले. होटगी रस्त्यावरच्या तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकने नामांकित उत्पादकाच्या कॉइल वापरून तेच काम 9,600 रुपयांत करून देण्याची तयारी दाखवली. ऑनलाइन चार कॉइलचा सेट 2,800 रुपयांना मिळतो आहे. तो बसवण्याचे 600 रुपये धरले, तर 3,400 रुपयांत विषय संपतो. तो सेट घ्यावा का, नाही तर 14,500 रुपये क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर भरावेत की दोन महिने एसआयपी थांबवावी, असे तुम्ही विचारले आहे. मेहुणे तर गाडीच विकून टाका म्हणतात.

सेट घेऊ नका. पण 14,500 रुपयेही खर्च करू नका. तुमच्यापुढे ठेवलेल्या तिन्ही पर्यायांत चारही कॉइल बदलणे गृहीत धरले आहे, आणि माझ्या मते गडबड तिथेच आहे.

पी0302 या कोडचा अर्थ दुसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, एवढाच. इंजिन सरसकट सगळीकडे मिसिंग करत असते, तर कोड पी0300 आला असता. दोष दुसऱ्या सिलिंडरचा आहे हे कळले, पण तो कॉइलचा आहे, प्लगचा आहे की पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा, हे अजून कोणीच तपासलेले दिसत नाही. त्याची तपासणी जवळजवळ फुकटात होते. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसायचा आणि गाडी थोडी चढावर फिरवून आणायची. नवा कोड पी0303 आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब आहे. पी0302 पुन्हा आला, तर कॉइल निर्दोष आहे आणि तुम्ही नवीन सेट आणला असता, तर ते 2,800 रुपये पाण्यात गेले असते. तुमच्या गाडीत कॉइल इंजिनाच्या डोक्यावरच असतात. वरचे प्लॅस्टिकचे झाकण काढले की प्रत्येकीला दहा नंबरचा एक बोल्ट आणि एक कनेक्टर, एवढेच काम. फक्त त्या कनेक्टरची खिट्टी दहा वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ती घाईत तोडू नका असे मेकॅनिकला सांगा.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे : मेकॅनिकने कॉइल उपसली तेव्हा तिच्या रबरी नळीला तेल लागलेले होते. याचा अर्थ टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, पॅकिंग किंवा प्लगच्या विहिरीभोवतीचे सील गळत आहे आणि इंजिनाचे तेल प्लगच्या खोबणीत उतरत आहे. तेलाने रबर फुगते, मऊ पडते, आणि प्लगकडे जायला हवा तो उच्च दाबाचा प्रवाह रबराच्या बाहेरून इंजिनाच्या धातूकडे पळ काढतो. कॉइल बहुधा यामुळेच गेली असावी. असे असताना तिन्ही अंदाजपत्रकांत पॅकिंगचा उल्लेखही नाही. गळती तशीच ठेवून सर्वांत महाग कॉइल बसवली, तरी तीही त्याच तेलात भिजणार आहे. पॅकिंग आणि त्याची मजुरी मिळून मी अंदाजे 1,100 रुपये धरतो. नेमका आकडा मेकॅनिककडून घ्या.

आता स्वस्त कॉइल स्वस्त का असते, हे पाहू. बॅटरीच्या 12 व्होल्टपासून साधारण 20,000 ते 40,000 व्होल्ट तयार करण्याचे काम या हाताएवढ्या वस्तूला करावे लागते. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात आणि ती रेझिनमध्ये ओतून बंद केलेली असतात. ओतताना हवेचे बुडबुडे राहिले, तार पातळ वापरली किंवा रेझिन हलके वापरले, तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण तापून थंड होण्याच्या रोजच्या चक्रात आत तडा जातो आणि प्रवाह तिथून गळू लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या पुढे जातो, त्यात इंजिनाची उष्णता मिळवा. शिवाय चढावर किंवा माल भरलेला असताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कच्ची कॉइल गल्लीत बरी चालते आणि घाटात मान टाकते. याहून नाजूक बाब अशी की, काही गाड्यांत कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा भाग इंजिनाच्या संगणकात असतो. कॉइलचा रोध ठरल्यापेक्षा कमी असेल, तर ती जादा प्रवाह ओढते आणि त्या संगणकालाच इजा होऊ शकते.

बाहेरच्या बाजारातला प्रत्येक भाग वाईट, असे मात्र माझे मुळीच म्हणणे नाही. मोटार कंपन्या कॉइल सहसा स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, एनजीके यांच्यासारखे उत्पादक हे भाग बनवतात आणि तेच स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतात. गाडीच्या कंपनीचा शिक्का नसल्याने तो डबा स्वस्त पडतो. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना दंड करताना सुटे भाग खुल्या बाजारात मिळायला हवेत, असे बजावले होते, ते याच कारणाने. तुमच्या गाडीची वॉरंटी कधीच संपली आहे, त्यामुळे बाहेर काम केल्याने कोणताही हक्क जाणार नाही. म्हणून सेवा केंद्राच्या 2,800 रुपयांच्या एका कॉइलऐवजी मेकॅनिकने सुचवलेली 1,900 रुपयांची कॉइल घेण्यात मला अडचण दिसत नाही. ऑनलाइन सेटमधली कॉइल 700 रुपयांना पडते, पण तिच्या उत्पादकाचे नावच तुम्हाला सांगता आलेले नाही, आणि माझा आक्षेप त्याला आहे.

चारही एकदम बदलण्याच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, त्यात तथ्य नाही असे नाही : एक गेली म्हणजे बाकीच्या तिघींचेही वय तेवढेच आहे. ज्या इंजिनांत कॉइलपर्यंत पोहोचायला वरचे अर्धे इंजिन मोकळे करावे लागते, तिथे मजुरी वाचते म्हणून मीही तो सल्ला मान्य करेन. तुमच्या गाडीत ते दहा मिनिटांचे काम आहे. त्यातही चारही सिलिंडरांना एकाच प्रकारची कॉइल चालते, म्हणून एक जादा कॉइल डिकीत ठेवली, तर उरलेल्या तिन्हींपैकी कोणतीही दगा देवो, तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून ती बदलू शकता. तीन धडधाकट कॉइल आज बदलायला 5,700 रुपये लागतात. त्याच धोक्यापासूनचे जवळजवळ तेवढेच संरक्षण 1,900 रुपयांत मिळते.

हिशेब असा होतो. एक कॉइल 1,900, चार नवे प्लग 1,400, पॅकिंग 1,100, मजुरी 600, एकूण 5,000 रुपये. प्लग चारही बदला, त्यात काटकसर नको. प्लगच्या टोकांतले अंतर झिजून वाढले की ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते आणि त्याचा ताण कॉइलवरच येतो. डिकीतली जादा कॉइल धरून 6,900. दुसरीकडे, स्वस्त सेटच्या 3,400 रुपयांत प्लग आणि पॅकिंग नाहीत. ते टाळता येत नाहीत, म्हणून त्या सेटची खरी किंमत 5,900 रुपये आहे. म्हणजे तुम्ही ज्या बचतीचा विचार करत होता, ती प्रत्यक्षात 1,000 रुपये आहे. शाळांच्या ऑर्डरींचा हंगाम तोंडावर असताना आणि लातूरची फेरी जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या घरात पडत असताना, एवढ्या रकमेसाठी अनोळखी माल घेऊ नये.

काम लांबवूही नका. मायलेज 15 वरून 13 वर आल्याने 1,200 किलोमीटरना सुमारे 12 लिटर पेट्रोल जादा जाते, म्हणजे शंभराच्या वरच्या दराने महिन्याला बाराशे-तेराशे रुपये. त्याहून मोठा धोका सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आहे. न जळालेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते, आतली जाळी अतितप्त होऊन वितळते, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंमुळे त्या भागाची किंमत कॉइलच्या अनेक पट असते. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गॅरेजपर्यंत हळू चालवत जाता येते. तो लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंद करणेच शहाणपणाचे. पीयूसीतही अशी गाडी हायड्रोकार्बनच्या आकड्यावर अडकू शकते.

पैसे कुठून द्यायचे, याचे उत्तर सोपे आहे. 14,500 रुपये कार्डावर वर्षभराच्या हप्त्यांत, तुम्ही लिहिलेल्या 16 टक्के दराने फेडले, तर व्याज सुमारे 1,290 रुपये, त्यावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मिळून साडेसतराशेच्या आसपास जादा जातात. जवळजवळ एका कॉइलची किंमत. एसआयपी थांबवण्याचीही गरज उरत नाही. तुमच्या 40,000 रुपयांच्या आकस्मिक निधीतून 6,900 रुपये काढा आणि पुढच्या चार महिन्यांत दरमहा 1,725 रुपये भरून तो पूर्ववत करा. एरवी मी त्या निधीला हात लावू देत नाही, कारण दहा वर्षांच्या गाडीची दुरुस्ती हे आकस्मिक संकट नसून ठरलेला खर्च आहे. म्हणून निधी भरून झाला की दरमहा 1,500 रुपयांचे आवर्ती ठेव खाते केवळ गाडीसाठी उघडा. टायर, बॅटरी, क्लच यांची पाळी येणारच आहे.

कराबाबत थोडे. तुमची जीएसटी नोंदणी असली, तरी माणसांच्या वाहतुकीच्या अशा गाडीच्या दुरुस्तीवरील कराची वजावट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मुळे सहसा मिळत नाही, आणि तुम्ही अनुमानित उत्पन्न (1961 च्या आयकर कायद्यातले कलम 44एडी), म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा, दाखवत असाल, तर आयकरातही हा खर्च वेगळा दाखवता येणार नाही. पक्के बिल तरीही घ्याच, कारण वॉरंटीचा दावा असो वा ग्राहक आयोगाकडची तक्रार, बिलावाचून ती उभी राहत नाही. बिलावर कॉइलचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि तो जुन्या कॉइलवरच्या क्रमांकाशी व कनेक्टरच्या पिनांशी ताडून पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराने त्याआधीच्या छापील किमतीचा डबा पुढे केला, तर सुमारे आठ टक्क्यांचा फरक मागून घ्या. वॉरंटी केवळ भागाची आहे की मजुरीचीही, हेही विचारा; बहुतेक ठिकाणी मजुरी ग्राहकाच्याच माथी येते. विमा पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड धरलेला नसतो, मात्र रस्त्यावरील मदतीचे जादा कलम तुम्ही घेतले असेल, तर टोइंगचा खर्च त्यातून निघतो. ते आहे का, हे लातूरला निघण्यापूर्वी पाहून ठेवा.

मेहुण्यांच्या सूचनेबद्दल एवढेच, की गाडीची नोंदणी 2031 पर्यंत आहे, इंजिन तेल जाळत नाही असे तुम्ही लिहिता, आणि पाच-सात हजारांच्या कामासाठी पाच-सहा लाखांचे नवे कर्ज काढणे मला परवडणारे दिसत नाही.

एक शक्यता मात्र उरते. पॅकिंग बदलल्यावरही सहा महिन्यांच्या आत आणखी एक जुनी कॉइल गेली, तर डिकीतली बसवा, आणि मग उरलेल्या दोन्ही जुन्या कॉइल त्याच उत्पादकाच्या घेऊन बदलून टाका. तेव्हा 3,800 रुपये लागतील, ते गाडीच्या आवर्ती खात्यातून द्या, आणि जुन्या दोनपैकी जी चांगली चालत असेल ती राखीव म्हणून डिकीत ठेवा.